गाईची माया आणि गाईचा चारा

आमच्या वऱ्हाडातील कोणत्याही शेतकऱ्याच्या घरी दोन दिवस राहून पाहावे. त्या घरात मुलाबाळांच्या नावांबरोबरच ढवळी, मोरी, हरणी, कपिला ही नावे दिवसातून दहा वेळा कानी पडतात. स्वयंपाक झाला म्हणजे पहिला घास गाईचा निघतो. गाय व्याली की खरवसाची वाटी शेजारीपाजारी जाते. आश्विन वद्य द्वादशीस, म्हणजे वसुबारसेस, घरची लक्ष्मी सवत्स गाईच्या पायांवर पाणी घालते, तिला ओवाळते, आणि पुष्कळ घरी त्या दिवशी दूधतूप वर्ज्य करितात. कारण ते दूध त्या दिवसापुरते तरी वासराचे मानलेले असते. गाईवरील ही माया खरी आहे. ती पुस्तकातून शिकविलेली नाही व कोणाच्या हुकमाने आलेली नाही. तेव्हा आमच्या लोकांचे गाईवर प्रेम आहे की नाही, हा ह्या लेखाचा प्रश्न नव्हे. त्या प्रेमाला बारा महिन्यांचा चारा आहे की नाही, एवढाच माझा प्रश्न आहे.

प्रस्तुत लेखक हा कोणी पंडित नव्हे. महसूल खात्यात कारकुनी करून नुकताच निवृत्त झालेला, मोताळे तालुक्यात थोडी शेती असलेला, थोड्या शिक्षणाचा मनुष्य आहे. मात्र तीस वर्षे गावोगावचे सातबारे, पीकपाहणीचे तक्ते व नुकसानीच्या याद्या ह्यांत डोके घातल्यामुळे एक सवय जडली आहे. कोणी कशावर प्रेम करितो असे म्हणाला, की त्या प्रेमाची नोंद कोणत्या रकान्यात आहे, हे पाहावेसे वाटते. गाईच्या बाबतीत तो रकाना मला बहुतेक ठिकाणी कोरा आढळला, आणि सांगावयास लाज वाटते, तो माझ्या स्वतःच्या घरीही कोराच होता.

प्रथम घरचीच गोष्ट सांगतो. आमच्या गोठ्यात हरणी नावाची गावरान गाय होती. रंग तांबूस, शिंगे आखूड, दूध दोन वेळचे मिळून तीन लिटरांच्या वर कधी गेले नाही. परंतु माझ्या कुटुंबाच्या पावलांचा आवाज ती ओळखी. कुटुंब माहेरी गेले म्हणजे ही पान्हा चोरावयाची; मग त्यांचे लुगडे खांद्यावर टाकून मला धारेस बसावे लागे. साने गुरुजींच्या ‘श्यामची आई’त एक संपूर्ण रात्र ‘मोरी गाय’ हिच्यासाठी राखून ठेविलेली आहे. ते प्रकरण ज्या ज्या घरी वाचले गेले असेल, त्या त्या घरच्यांस आपली एखादी गाय आठवली असेल, ह्यात मला शंका नाही.

अशा ह्या हरणीला सन २०२० च्या दिवाळीनंतर गोऱ्हा झाला. कालवड झाली असती तर आनंद झाला असता. गोऱ्हा झाला तेव्हा घरात कोणी काही बोलले नाही, पण सर्वांच्या मनात एकच हिशेब होता. शेताची नांगरटी ट्रॅक्टरने होते, बाजारात गोऱ्ह्यास गिऱ्हाईक नाही, तेव्हा ह्याला खाऊ काय घालावयाचे? पुढल्या आषाढात कुटार संपले, कडबा तर मुळातच नव्हता. एके दिवशी तिन्हीसांजेला मी स्वतः त्या गोऱ्ह्यास दाव्याने धरून गावाबाहेर तीन कोसांवरील माळावर नेले, गळ्यातले दावे सोडले व मागे न पाहता परत आलो. मनाची समजूत अशी घातली की, माळावर गवत आहे, जगेल. ज्या जनावराची उपासमार होईल अशा स्थितीत त्यास टाकून देणे हा सन १९६० च्या प्राण्यांस क्रूरतेने वागविण्यास प्रतिबंध करणाऱ्या कायद्याप्रमाणे गुन्हा आहे, हे मला कारकून म्हणून ठाऊक होते. तरीही मी ते केले.

ती सारी रात्र हरणी हंबरत होती. घरात कोणी जेवले नाही. पहाटे दाराशी खुरांचा आवाज झाला म्हणून पाहतो तो गोऱ्हा अंगभर चिखलाने माखून गोठ्याच्या दारात उभा! तीन कोसांची वाट त्याने रात्रीतून कशी काढली, हे तोच जाणे. कुटुंबाने मला एक शब्दही विचारला नाही. त्यांनी त्याला पाणी दाखविले व हरणीजवळ बांधले. त्या दिवसापासून मी गोमातेच्या नावाने भाषण करणाऱ्याच्या तोंडाकडे पाहत नाही, त्याच्या गव्हाणीकडे पाहतो; आणि आरंभ माझ्या गव्हाणीपासून करितो.

आता जी गोष्ट माझ्या हातून घडली, ती मी एकट्यानेच केली असती तर ती ह्या मासिकात लिहिण्याचे प्रयोजन नव्हते. राजूर घाटातून बुलढाण्यास किंवा खाली मलकापुरास रात्री जाणाऱ्या कोणासही विचारावे. सडकेवर बसलेली जनावरे कोणाची असतात? ती रानातून आलेली नाहीत. आटलेली गाय, नको असलेला गोऱ्हा, थकलेला बैल ही सर्व कोणाच्या तरी दावणीची, कोणी तरी नाव ठेवलेली जनावरे आहेत. पोळ्याच्या आदल्या दिवशी ज्यांनी बैलांची खांदशेकणी केली, त्यांच्यापैकीच काहींनी ती सोडलेली आहेत. हे लोक दुष्ट आहेत असे मी म्हणत नाही. त्यांची माया खोटी नाही, पण ती उपाशी आहे. मायेच्या पोटात चारा नसला म्हणजे ती सणापुरती उरते.

ही स्थिती का आली, ह्याची कारणे उघड आहेत. पहिले कारण पिकांची अदलाबदल. आमच्या वडिलांच्या काळी शेतात ज्वारी असे. दाणा माणसांना व कडबा जनावरांना. गेल्या तीस-पस्तीस वर्षांत विदर्भात सोयाबीन वाढले तशी ज्वारी हटत गेली. सोयाबीनचे कुटार जनावर खाते, परंतु ते कडब्याची बरोबरी करीत नाही. शिवाय पुष्कळ ठिकाणी ते शेतातच पेटवून देण्यात येते. दुसरे कारण ट्रॅक्टर. त्याने बैलाचे काम घेतले व बैलाची आई जी गाय तिची निम्मी किंमत त्याबरोबर गेली. तिसरे कारण कायद्याचे. महाराष्ट्रात सन १९७६ च्या कायद्याने गाईची हत्या बंद होतीच. सन २०१५ पासून बैल व वळू ह्यांसही ती बंदी लागू झाली. ह्या कायद्याविषयी कोणाचे मत काहीही असो, एक गोष्ट सर्वांस मान्य व्हावी की, कायद्याने सुरी अडविली, पण म्हाताऱ्या बैलापुढे पेंढी कोणी टाकावयाची, हे त्यात लिहिलेले नाही. ते आपणच ठरवावयाचे होते व आपण ते ठरविले नाही.

ह्याचा परिणाम आकड्यांत पाहावा. सन २०१९ च्या विसाव्या पशुगणनेत देशातील गोवंशाची संख्या सुमारे १९ कोटी २५ लक्ष भरली; मागील, म्हणजे सन २०१२ च्या गणनेहून ती किंचित अधिक होती. परंतु ही वाढ संकरित व विदेशी जनावरांची आहे. ती सुमारे २७ टक्क्यांनी वाढली, आणि देशी जनावरे ६ टक्क्यांनी घटली. आपल्या महाराष्ट्रात तर एकूण गोवंशच ह्या सात वर्षांत सुमारे दहा टक्क्यांनी कमी होऊन १ कोटी ४० लक्षांच्या आत आला. ज्या काळात गाईचा जयजयकार सर्वांत अधिक ऐकू आला, त्याच काळात ती गोठ्यातून कमी होत गेली. ह्या दोन गोष्टी शेजारी ठेवून पाहिल्या म्हणजे मायेची आणि चाऱ्याची फारकत किती झाली आहे, ते ध्यानात येते.

त्यातच सन २०२२ ची साथ आली. त्या वर्षीच्या ऑगस्टात आमच्या सीमेला लागून असलेल्या जळगाव जिल्ह्यात लम्पी चर्मरोगाने डोके वर काढले व थोड्याच दिवसांत तो बुलढाणा, अकोला, अमरावती असा पसरला. अंगावर गाठी येणे, ताप, पायांस सूज, नाकातोंडातून स्राव, चारापाणी बंद, ही त्याची लक्षणे आता प्रत्येक शेतकऱ्यास पाठ आहेत. तो माणसांस होत नाही. माशा, डास व गोचीड ह्यांच्यामार्फत जनावरांतून जनावरांत जातो. सरकारने गुरांचे बाजार बंद केले व शेळ्यांच्या देवीची लस गाईबैलांस मोफत टोचण्याची मोहीम काढली. आमच्या गावीही पशुवैद्यकाची मंडळी आली. कुटुंब म्हणाले, “अहो, तिलेही टोचून घ्या, साऱ्या गावाच्या ढोराईले टोचलं.” हरणी पाच महिन्यांची गाभण होती. सुईने गाभ जाईल अशी भीती मला कोणी तरी घातली, आणि मी पशुवैद्यकास न विचारता, ‘पुढल्या फेरीत पाहू,’ असे म्हणून गाय मागल्या दाराने शेतात पाठविली. नोकरीची दोन वर्षे उरलेला सरकारी कारकून मी. सरकारी मोहिमेतून आपली गाय मीच लपविली!

तीन आठवड्यांनी हरणीच्या मानेवर पहिली गाठ दिसली. कुटुंबाने तिची जी शुश्रूषा केली, ती मी वर्णन करीत नाही. कडुनिंबाच्या पाण्याने अंग पुसणे, रात्री धूर करणे, भाकरीचा मऊ घास हाताने तोंडात सारणे हे सतरा दिवस चालले. अठराव्या दिवशी गाय गेली. गावाबाहेर खोल खड्डा करून, चुना व मीठ घालून तिला पुरले. गोऱ्ह्यास मात्र आधीच लस टोचलेली होती. त्याच गोठ्यात, त्याच माशांत राहूनही तो वाचला. हा पुरावा माझ्यापुरता पुरेसा आहे. माया माझीही होती, कुटुंबाचीही होती. पण ज्या दिवशी ती सुईच्या रूपाने दाखवावयाची होती, त्या दिवशी मी ती भीतीच्या स्वाधीन केली.

मेलेल्या जनावरांबद्दल सरकारने त्या वेळी दुधाळ जनावरास ३० हजार, ओढकामाच्या जनावरास २५ हजार व वासरास १६ हजार रुपये असे साहाय्य ठरविले होते. हरणीचे पैसे मला रीतीप्रमाणे मिळाले, त्याविषयी तक्रार नाही. कागदावर सही करताना एवढेच मनात आले की, तीस वर्षे मी लोकांची जनावरे अशीच तीन रकान्यांत भरीत आलो. पोटातल्या वासराला त्यात रकाना नव्हता, आणि लुगडे ओळखणाऱ्या गाईलाही नव्हता. रकान्याचा दोष नाही. सरकार मोल देऊ शकते, माया देऊ शकत नाही. म्हणूनच जे आपल्या हाती आहे ते आपणच करावयास पाहिजे.

आता गावाच्या दोषाकडे वळतो. आमच्या वऱ्हाडातील महसुली दप्तरात ‘ई-वर्ग’ म्हणून जमीन दाखविलेली असते. ती गावच्या गुरांच्या चराईची. महाराष्ट्र जमीन महसूल संहिता, १९६६ हिच्या २२ व्या कलमाप्रमाणे गुरांच्या मोफत चराईसाठी जमीन राखून ठेवता येते. दिनांक २८ जानेवारी २०११ रोजी सर्वोच्च न्यायालयाने पंजाबातील जगपाल सिंह ह्यांच्या प्रकरणात सर्व राज्यांस गावच्या सामायिक जमिनींवरील अतिक्रमणे काढण्याचे आदेश दिले, आणि त्यास अनुसरून आपल्या सरकारने १२ जुलै २०११ रोजी गायरान राखण्याविषयी शासननिर्णय काढला. कागद असा भक्कम आहे. प्रत्यक्षात गावाच्या पश्चिमेस असलेला ई-वर्गाचा माळ पाहावयास जावे, तो तेथे कोणाची तूर, कोणाचे गोठे, कोणाच्या खदानी! ज्यांस स्वतःची वीतभर जमीन नाही, अशा भूमिहीनांनी पोटासाठी केलेली वहिवाट हा वेगळा प्रश्न आहे. त्यांच्या पुनर्वसनाचा विचार सरकारने अवश्य करावा. परंतु ज्यांच्या नावावर पंधरा-वीस एकर आहेत, त्यांनीही धुरा सरकवीत सरकवीत गाईचा घास आपल्या शेतात घेतलेला मी मोजणीच्या वेळी पाहिला आहे. हे मासिक वाचणारे आपण बहुतेक जमीनधारक आहोत, म्हणून हे येथे स्पष्ट लिहितो. चराई गेल्याने कुणबी कसा नागविला जातो, हे महात्मा जोतीराव फुले ह्यांनी सन १८८३ मध्ये ‘शेतकऱ्याचा असूड’ ह्या ग्रंथात सांगितले होते. त्या वेळी चराई घेणारे जंगलखाते होते. आज पुष्कळ ठिकाणी ती घेणारे आपणच आहोत.

कोणी म्हणेल की, भाकड गाईंसाठी गोशाळा आहेत. गोशाळा चालविणाऱ्यांचे उपकार मी नाकारीत नाही. सन २०२४ च्या सप्टेंबरात सरकारने देशी गाईस ‘राज्यमाता-गोमाता’ ही पदवी दिली व गोशाळेतील देशी गाईमागे दररोज ५० रुपये अनुदान ठरविले. परंतु ते साहाय्य गोशाळेच्या दावणीस आहे. शेतकऱ्याच्या दावणीस असलेल्या भाकड गाईस नाही. जो गाय सोडतो त्याच्या गाईस पन्नास रुपये, आणि जो सोडीत नाही त्यास काही नाही, असा ह्याचा अर्थ होऊ नये. जो शेतकरी आपली आटलेली देशी गाय घरी सांभाळतो, त्याच्यासाठीही अल्प का होईना तजवीज करावी, अशी मागणी आपल्या संघाने सरकारकडे करावी, असे मला सुचवावयाचे आहे. महात्मा गांधींनी सन १९४१ मध्ये वर्ध्यास गोसेवा संघ काढला व जमनालाल बजाजांनी आयुष्याचे अखेरचे महिने त्या कार्यास वाहिले. त्या कार्याचा रोख गाईची जोपासना व जातीची सुधारणा करण्याकडे होता. त्याच वर्धा भागात आपल्या विदर्भाची गवळाऊ ही नामांकित जात आहे. आमच्या मोताळे भागातील गाईंस मात्र कोणी जातीचे नाव देत नाही. पशुगणनेत त्या ‘बिनजातीच्या’ म्हणून मोजल्या जातात. तरी उन्हाळा त्याच काढतात.

‘हे सर्व खरे, पण परवडत नाही,’ हा शेवटचा व सर्वांत प्रामाणिक आक्षेप. मी त्याचा हिशेब मांडून पाहिला आहे. गावरान गाय दिवसास अंदाजे दहा किलो शेण देते. वर्षाचे झाले सुमारे ३६ क्विंटल. ते उकिरड्यावर उन्हापावसात न फेकता खड्ड्यात नीट कुजविले तर निम्मे तरी खत हाती येते. कपाशीस एकरी २० क्विंटल शेणखताची शिफारस धरली, तर एक भाकड गाय जवळजवळ एका एकराचे खत पुरविते. ज्या जमिनीस दहा वर्षांत शेणखत मिळाले नाही, तिच्यात रासायनिक खताची गोणी दरवर्षी वाढवावी लागते, हे कोणास सांगावयास नको. म्हणजे भाकड गाय ही फुकट खाणारी नाही. तिचे येणे आपण खतावणीत धरीत नाही, इतकेच.

आणि चाऱ्याचे म्हणाल तर विहिरीचे पाणी ज्यास आहे, त्याने पाच गुंठे संकरित नेपिअर गवतास द्यावेत; एका गाईचा ओला चारा त्यात वर्षभर निघतो. कोरडवाहू शेतकऱ्याने निदान दोन तास ज्वारीचे सोयाबीनच्या कडेने पेरावे व मक्याचा चारा वाया जाऊ देऊ नये. कुटार पेटवू नये, झाकून रचावे. गव्हाचे कुटार किंवा निकृष्ट कडबा असल्यास क्विंटलास चार किलो युरिया पन्नास लिटर पाण्यात विरघळवून शिंपडावा, थर दाबून ताडपत्रीखाली एकवीस दिवस बंद ठेवावा व मग उघड्या हवेत पसरून द्यावा. चारा मऊ होतो व अंगी लागतो. मात्र सहा महिन्यांखालील वासरांस तो देऊ नये, आणि युरिया वा त्याचे पाणी कोणत्याही जनावराच्या तोंडी थेट लागू देऊ नये, ते विष आहे.

माझ्या विनंत्या तीनच आहेत. पहिली, १ मे रोजी होणाऱ्या ग्रामसभेत प्रत्येक वाचकाने उभे राहून आपल्या गावच्या ई-वर्ग जमिनीचा उतारा व नकाशा वाचून दाखविण्याची मागणी करावी, आणि आपला स्वतःचा धुरा त्यात गेला असल्यास तो प्रथम आपण मागे घ्यावा. दुसरी, लसटोचणीचा दिवस हा सणासारखा पाळावा. शंका असल्यास पशुवैद्यकास विचारावे, शेजाऱ्यास नव्हे. तिसरी, ज्यास नाव ठेविले त्या जनावरास सोडू नये. अगदीच अशक्य झाले तर उजेडात, चार माणसांदेखत, चारा असलेल्या शेतकऱ्यास किंवा गोशाळेस हातोहात द्यावे. तिन्हीसांजेला माळावर नेऊ नये.

तो गोऱ्हा आता चार वर्षांचा बैल झाला आहे. शेजाऱ्याच्या बैलाबरोबर सावडीने तो आम्हा दोघांच्याही कपाशीत डवरणी करितो. कारण पीक वाढल्यावर त्या दोन ओळींत ट्रॅक्टर शिरत नाही. गेल्या पोळ्यास मी त्याच्या पाठीवर झूल घातली तेव्हा त्याने मान वळवून माझ्याकडे पाहिले. जनावराच्या मनात काय असते हे मला सांगता येणार नाही. तो विसरला असेल. मी विसरलो नाही, व आपल्यापैकी कोणावर अशी आठवण बाळगण्याची वेळ येऊ नये, एवढ्यासाठीच हे चार शब्द लिहिले.